कल्ले उघडून बघायचे, पण कशाचे?

संध्याकाळ झाली की मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सुरू होतो. बांगड्याची टोपली समोर आली की बायका आधी कल्ले उघडून बघतात. लाल असतील तर भाव बोलायचा, नाहीतर पुढची टोपली. इथे सहजासहजी कुणी फसत नाही.

यातल्याच एखादीला उद्या डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली, तर ती कशाचे कल्ले बघणार?

उपचाराचा पैसा रुग्णाच्याच हाती द्या, तो चार ठिकाणी चौकशी करेल आणि भाव उतरतील, असं मानणारा एक पक्ष आहे. सिंगापूरने १९८४मध्ये पगारातून कापून भरायची ‘मेडिसेव्ह’ खाती सुरू केली. अमेरिकेत २००४पासून करसवलतीची आरोग्य बचत खाती आली. त्याआधी तिथेच, सत्तरच्या दशकात, रँड या संशोधन संस्थेने मोठा प्रयोग केला होता. खिशातून वाटा भरावा लागला की लोक दवाखान्यात कमी जातात, हे त्यात दिसलं. पण अनावश्यक उपचारांसोबत गरजेचेही टाळले गेले. आपल्याला हे कळायला प्रयोग कशाला हवा? दुखणं अंगावर काढणं आपण पिढ्यान् पिढ्या बघतोय.

आणि चौकशी करायची तरी कुठे? सावंतवाडी-दोडामार्गात छातीत कळ आली की गाडी थेट गोव्यात बांबोळीला, गोमेकॉत म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. रत्नागिरीकराला आंबा घाट चढून कोल्हापूर. जानेवारी २०१८मध्ये गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. दुसरीकडे जायची सोय असती, तर कशाला बसले असते?

अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात ती जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, स्वस्त झाला तोही कुणाच्या घासाघिशीने नव्हे. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राने कमाल किंमत ठरवली. औषधाचा लेप असलेला स्टेंट तेव्हा तीस हजारांच्या आत आला.

मोतीबिंदूची गोष्ट वेगळी. दाताची, रोजच्या बीपीच्या गोळीचीही. तिथे घाई नसते, चार ठिकाणी विचारता येतं, जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळतं. अशा खर्चाची सूत्रं खुशाल रुग्णाकडे द्यावीत. मात्र आधी दरपत्रक भिंतीवर दिसू दे. खासगी रुग्णालयांसाठी तसा राज्याचा नियम २०२१पासून आहेच.

राहता राहिलं, रुग्णाच्या हाती म्हणजे नक्की कुणाच्या? कोकणात पैसा बहुतेक वेळा मुंबईहून येतो. चाकरमानी मुलगा फोनवर विचारतो, “किती लागतील?”

आई पलीकडून म्हणते, “नको रे, माका बरा वाटता.”