खिडकीपर्यंत न पोचलेली माणसं

(मडगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

शहराला पाणी किती लागतं, रस्ते किती लागतात, कचऱ्याच्या किती गाड्या लागतात, हे मोजायची पद्धत आपल्या पालिकांना ठाऊक आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला कूस बदलून देणारं कोणी आहे का, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला दिवसभर सांभाळणारी जागा आहे का, दारू सोडू पाहणाऱ्याला पहिले पंधरा दिवस कोणाचा आधार आहे, मार खाऊन रात्री अकराला घराबाहेर पडलेल्या बाईने जायचं कुठे, हे मात्र कोणी मोजत नाही. या साऱ्याला सामाजिक सेवा म्हणतात. त्यांची गरज किती आणि त्यातलं पुरं किती पडतं, हे शहराने बसून पाहायला हवं. हेच आज मला सांगायचं आहे.

हा विषय काढला की आपल्यासमोर योजनांची यादी येते. ती यादी खरी आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार रुपये कितीतरी घरांत म्हाताऱ्यांचा मान राखून आहेत. गृहिणींसाठीच्या गृहआधार योजनेचे दीड हजार बाईच्या स्वतःच्या खात्यात पडतात, त्याचं मोल त्या बाईलाच विचारा. पण पैसा पोचला म्हणजे सेवा पोचली असं होत नाही. दोन हजारांत गोळ्या येतात. त्या गोळ्या वेळेवर हातावर ठेवणारं माणूस येत नाही, आणि गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, तपासणीला नेऊन ओपीडीच्या रांगेत शेजारी बसणारंही येत नाही. आपण गोव्यात पैशाच्या योजना मोठ्या हिमतीने उभ्या केल्या. आता पाळी माणसांची आहे.

गरज मोजायची कशी? जोनाथन ब्रॅडशॉ या ब्रिटिश अभ्यासकाने १९७२ साली गरजेचे चार प्रकार सांगितले, आणि अजून तरी मला त्याहून सोपी मांडणी सापडलेली नाही. तज्ज्ञ ठरवतात ती एक. माणसाला आतून जाणवते ती दुसरी. माणूस उठून मागायला येतो ती तिसरी. आणि शेजारच्या वस्तीत आहे पण इथे नाही, अशी तुलनेतून दिसते ती चौथी. आपल्या कचेऱ्यांत फक्त तिसरी मोजली जाते. अर्ज आले तेवढी गरज. अर्ज आला नाही म्हणजे गरज नाही.

दुसरी आणि तिसरी यांच्यात किती अंतर असतं, हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. लहान प्रदेश, सगळे सगळ्यांना ओळखतात. कचेरीच्या खिडकीमागे बसलेला माणूस आपल्याच वाड्यावरचा निघतो. मुलगा दारूत बुडालाय, सून निघून गेलीय, नवऱ्याला विसरण्याचा आजार जडलाय, हे त्याला कसं सांगायचं? मनोरुग्णांसाठी पणजीजवळ बांबोळीला स्वतंत्र संस्था आहे, पण तिथल्या थांब्यावर बसमधून उतरायलाही लोक दबतात. ओळखीच्या गावात मदत मागणं अनोळखी शहरापेक्षा जास्त जड जातं. म्हणून आपल्याकडे अर्जांवरून गरज मोजली की ती नेहमी कमीच भरणार.

दुसरी अडचण आकड्यांची. दिल्लीत जे निकष ठरतात ते मोठ्या शहरांकडे पाहून. शहरी बेघरांसाठी निवारा हवा, दर एक लाख लोकसंख्येमागे एक. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र हवं, साधारण पन्नास हजारांमागे एक. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाखांवरच्या शहरांत. आता २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या जेमतेम चाळीस हजार आणि आपल्या मडगावची नव्वद हजारांच्या आत. हिशेब मांडला तर आपल्या वाट्याला बेघरांचा एक पूर्ण निवाराही येत नाही. पण मडगावच्या रेल्वे स्टेशनबाहेर आणि गांधी मार्केटच्या आसपास रात्री झोपलेली माणसं तुम्हीही पाहिली आहेत. त्यांनी निकष वाचलेला नाही.

त्यातून शहर म्हणजे तरी कुठवर? २०११ ची जनगणना सांगते की गोव्यातली बासष्ट टक्के वस्ती शहरी आहे. पण कायद्याने शहर म्हणावं अशी ठिकाणं चौदाच, म्हणजे एक महापालिका आणि तेरा नगरपालिका. आणखी छप्पन्न गावं जनगणनेने शहर ठरवली, पण तिथला कारभार पंचायतीचा. आपल्या मडगावलाच बघा. रुमडामळ-दवर्ली, नावेली ही वस्ती मडगावचीच. तिथली माणसं इथे कामाला येतात, इथल्या जिल्हा इस्पितळात येतात, त्यांची मुलं इथल्या शाळांत शिकतात. कागदावर मात्र ती मडगावात नाहीत. पणजीला ताळगाव, चिंबल, पर्वरी यांचं तेच. ज्या वस्त्यांत अडचणी सगळ्यात दाट, त्या बहुतेक हद्दीच्या पलीकडे पडतात. पालिका म्हणते हे आमचं नाही, पंचायत म्हणते आमच्याकडे माणूस नाही. म्हणून पाहणी करायची तर पालिकेची हद्द बाजूला ठेवून लोकांच्या येण्याजाण्याची हद्द धरावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि ही जनगणनाही जुनी. २०२१ ची झाली नाही, पुढची २०२७ ला ठरली आहे. दरम्यान जन्मलेली मुलं दहावीला पोचायला आली.

एक उदाहरण मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण त्यात मोठा धडा आहे. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वस्ती होती. २००४ च्या जूनमध्ये, पाऊस सुरू होताना, ती पाडली गेली. वस्ती असावी की नसावी या वादात मी आज जात नाही. पण त्या वस्तीभोवती अनेक वर्षांच्या मेहनतीने आरोग्याचं काम उभं राहिलं होतं. एचआयव्हीची माहिती, तपासणी, औषधोपचार हे सगळं एका ठरावीक जागी मिळत होतं, आणि कार्यकर्ते त्या बायांना नावाने ओळखत होते. घरं पडली आणि बाया पांगल्या. कोणी लॉजमध्ये, कोणी भाड्याच्या खोलीत, कोणी दुसऱ्या गावी. नकाशावरून बायणा पुसलं गेलं, पण एकाही बाईची गरज पुसली गेली नाही. उलट ती गरज आता कुठे आहे हेच कोणाला सांगता येईना. एखाद्या पालिकेने त्यानंतर पाहणी केली असती तर तिला "समस्या नाही" असंच उत्तर मिळालं असतं.

तसंच काहीसं वृद्धांचं होतंय, फक्त फार सावकाश. गोव्यात साठीपुढची माणसं २०११ लाच अकरा टक्क्यांच्या वर होती. केरळ सोडलं तर देशात आपण सगळ्यांत वर. मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, मुलगी आखातात किंवा पोर्तुगालमार्गे इंग्लंडात. पैसे येतात, व्हिडिओ कॉल येतो. घरात आजी एकटी. मडगावभोवतीच्या सासष्टी तालुक्यात तर असं घर प्रत्येक वाड्यावर आहे. ही आजी कोणत्याही योजनेच्या दृष्टीने गरजू नाही, कारण घर मोठं, मुलगा मिळवता. पण ती न्हाणीत पडली तर दुपारी कोणाला कळेल? तिच्या कपाटात एकच गोळी दोनदा घेतली जातेय हे कोण पाहील? गरिबीच्या मोजपट्टीने ही गरज मोजताच येत नाही. इथे प्रश्न हातांचा आहे.

हात कुठून आणायचे, याचं उत्तर गोव्यानेच जगाला दिलंय, आणि ते आपल्याला अभिमानाने ठाऊक असायला हवं. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या संगाथ या संस्थेने नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी एक प्रयोग केला. मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच, मग स्थानिक सामान्य व्यक्तींना नीट प्रशिक्षण देऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली समुपदेशन करायला लावलं. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा झाला. २०१० मध्ये ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरी जाऊन त्यांना सांभाळणाऱ्या सुनांना, बायकांना, मुलींना आधार देण्याचा प्रयोगही गोव्यातच झाला. म्हणजे तज्ज्ञ नाहीत म्हणून सेवा नाही, ही सबब आपल्या मातीत तरी चालत नाही.

आणि मग ज्यांना आपण बाहेरचे म्हणतो ते. दयानंद योजनेला गोव्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. राज्याने अट घातली, त्यामागची भीती मला समजते. पण चौदा वर्षं आपली घरं बांधणारा गवंडी बांबूच्या परांचीवरून पडला तर त्याची गरज पंधराव्या वर्षी सुरू होते का? त्याच्या बायकोला कन्नड येतं, फॉर्म इंग्रजीत. त्यांची लहान मुलं बांधकामाच्या जागी वाळूत खेळतात, कारण साइट पाच महिन्यांनी बदलते आणि अंगणवाडीत नाव घालेपर्यंत बिऱ्हाड हललेलं असतं. पाहणीत या कुटुंबाला मोजलंच नाही, तर शहराने स्वतःच्या अंगाचा एक भाग मोजला नाही, असं मी म्हणेन. मदत कोणाला द्यायची हा निर्णय नंतरचा. मोजताना मात्र कोणालाही वगळू नये.

काम कुठून सुरू करावं, असं मला नेहमी विचारतात. फॉर्म छापून घरोघर जाण्याआधी चार दिवस ज्यांना सगळं ठाऊक असतं त्यांच्याशी बोला. पहाटे पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, कळतं कोणत्या घरचा पाव दोन दिवस उचललेला नाही. पोस्टमन, दारावर येणारी नुस्तेकान्न म्हणजे मासळीवाली, औषधाच्या दुकानातला मुलगा, अंगणवाडी ताई, चर्चचे पाद्री, देवळाचे भटजी, कदंब बसचा कंडक्टर. त्यांच्याकडून नावं घेऊ नका, कोणाच्या घरातलं काढून घेऊ नका. कोणत्या वाड्यात कोणती अडचण दाट आहे एवढंच विचारा. मग घरोघर जा, आणि जाताना बायांना बायांशीच बोलू द्या, नवऱ्यासमोर नको.

दुसरं, प्रत्येक कचेरीत आणि इस्पितळात एक वही ठेवा: परत गेलेल्यांची. काय मागायला आला आणि का मिळालं नाही, दोनच रकाने. कागद कमी होता, हद्द दुसरी होती, जागा भरली होती, अशी सेवाच नाही. अमेरिकेत दोन-एक-एक हा मदतीचा क्रमांक १९९७ मध्ये अटलांटात सुरू झाला आणि आता बहुतेक ठिकाणी चालतो. तिथे फोन करणाऱ्याला जे देता आलं नाही त्याचीही नोंद होते, आणि शहरं त्या नोंदींवरून पुढचं नियोजन करतात. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१. या क्रमांकांवर आलेले, पण ज्यांना पाठवायला जागाच सापडली नाही असे कॉल, तालुकावार दर तीन महिन्यांनी पालिकेच्या सभेपुढे यायला हवेत. त्याला नवा कायदा लागत नाही. आणि हे पालिकेचं काम नाही असं कोणी म्हटलं, तर घटनेची बारावी अनुसूची दाखवा. दुर्बल घटकांच्या आणि अपंगांच्या हिताचं रक्षण हा विषय तिथे पालिकांच्याच यादीत आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. सेवा आहे असं म्हणण्याआधी तिथे पोचायला किती वेळ लागतो ते पाहा. सांगे-केपेकडच्या आईला अपंग मुलाला घेऊन उपचारासाठी बांबोळीला जायचं असेल तर दोन-तीन बसगाड्या बदलाव्या लागतात, आणि त्या दिवसाची मजुरी जाते. आठवड्याला एकदा बोलावलं की चौथ्या आठवड्यात ती येत नाही. नोंदवहीत लिहिलं जातं, "रुग्ण पुढे आला नाही." ती का आली नाही, हे विचारायला एक फोन लागतो. तो फोन करणारी व्यक्ती कोणाच्याच आस्थापनात नेमलेली नाही. या पाहणीतून मडगावला एकच पद मिळणार असेल, तर मी ते मागेन.

आणि पाहणी झाली की ती लोकांपुढे वाचून दाखवा, मराठीत, कोकणीत, कन्नडमध्येही, प्रत्येक वाड्यावर, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यासमोर. आमचं हे राहिलं असं कोणी उठून म्हणालं, तर तिथल्या तिथे लिहून घ्या, आणि मगच तो अहवाल सभेपुढे जाऊ द्या.