कडेवर बसतं, तसंच झोळीत बसायला हवं

नमस्कार. समोर बऱ्याच जणींचे दिवस भरत आलेले दिसताहेत, मागे बाबा मंडळी आहेत, आणि आज्याही आल्यात. आज्या आल्या हे फार बरं झालं, कारण बाळाला अंगावर कसं बांधायचं, हे आज सांगणार आहे, आणि त्यातलं निम्मं त्यांच्या हातांना आधीच ठाऊक आहे.

आठ-नऊ महिन्यांचं मूल कडेवर घेतलं की ते कसं बसतं, जरा डोळ्यांसमोर आणा. मांड्या तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना फाकलेल्या. गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर. पाठ किंचित गोल. हे त्याला कुणी शिकवत नाही. उचललं की ते आपणहून पाय वर ओढून घेतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाळंतिणींच्या पाठी-कमरा आणि लहानग्यांचे खुबे हेच माझं रोजचं काम. त्यामुळे बाळाला अंगावर बांधायचं साधन निवडताना मी आधी एकच गोष्ट बघते. यात मूल कडेवर बसल्यासारखं बसतंय का?

याचं कारण खुब्यात आहे. नवजात बाळाच्या खुब्याची वाटी बरीचशी मऊ कूर्चेची असते. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसलेला असेल, तर वाटी त्याच्याभोवती घडत जाते. पाय सरळ ताणून जखडले, तर गोळा बाहेर सरकू पाहतो. जपानमध्ये बाळांना पाय सरळ करून गुंडाळायची पद्धत होती. १९७५ च्या सुमारास तिच्याविरुद्ध देशभर मोहीम झाली आणि खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण खूप घटलं. आपल्याकडेही ‘पाय सरळ होतात’ म्हणून दुपट्यात घट्ट बांधतात. आजी, हात जोडून सांगते, वरून हवं तसं गुंडाळा, पण कमरेखाली सैल सोडा. पाय बेडकासारखे दुमडले तर दुमडू देत.

माझ्या थोरलीच्या वेळी मी दुकानातून एक कॅरिअर आणलं होतं. दिसायला छान, पट्टे जाड. पण पायांमधली पट्टी जेमतेम चार बोटं रुंद. लेकीचं सगळं वजन जांघेवर आलं, पाय लोंबकळत राहिले, आणि वीस मिनिटांत माझे खांदे भरून आले. घरी येऊन काढलं तर तिच्या दोन्ही मांड्यांवर लाल वळ उठलेले. ते वळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. निरोगी बाळाचा खुबा तासाभरानं बिघडत नाही, घाबरू नका. पण पहिले सहा महिने रोज वापरायची वस्तू असेल, तर बैठक एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागेपर्यंत पोचलीच पाहिजे. बाळाचं तोंड तुमच्याकडे हवं. बाळ वाढतं तशी बैठक रुंद करता येते का, हे दुकानातच बघून घ्या.

खुब्याहून मोठी गोष्ट श्वासाची. तान्ह्या बाळाचं डोकं जड, मान कच्ची, श्वासनलिका अरुंद आणि मऊ. हनुवटी छातीला टेकली की ती नळी दुमडते. बाळ रडत नाही, धडपडत नाही. गप्प होतं, आणि आपल्याला वाटतं झोपलं. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगानं स्लिंगबद्दल, म्हणजे खांद्यावरून अडकवायच्या कापडी झोळीबद्दल, इशारा दिला होता. वीस वर्षांतले किमान १४ मृत्यू त्यांच्यासमोर होते, आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. ज्या खोल पिशवीत बाळ आडवं, मुटकुळं होऊन पडतं, ती तान्ह्या बाळासाठी घेऊच नका. कुणी कितीही प्रेमानं भेट दिली तरी.

ही बाहुली बघा. हिच्या पोटात तीन किलो तांदूळ भरलेत. छातीवर उभी बांधते. आता मान खाली घातली की मला चेहरा दिसतो, टाळूची पापी घेता येते. हनुवटीखाली माझी दोन बोटं जातात. आता पाठीवर तळवा ठेवून हलकेच दाबते. बघा, ती माझ्याकडे आणखी सरकली. म्हणजे कापड सैल आहे. आत्ता उभी बांधलेली दिसते, पण दहा पावलांनंतर ती घसरेल, कमरेत दुमडेल आणि हनुवटी खाली जाईल. म्हणून सोडते, खांद्यापासून एकेक पदर ओढत पुन्हा आवळते. कापड आवळलं की बाळ गुदमरेल असं आयांना वाटतं, पण इथे धोका सैलपणाचा असतो.

आता प्रकार. लांब कापड अंगाभोवती गुंडाळायचं तो रॅप. होजिअरीसारखा ताणणारा असेल तर पहिल्या काही महिन्यांना उत्तम, वजन वाढलं की लोंबतो. विणलेलं सुती कापड पुढेही साथ देतं. एका खांद्यावरून घेऊन कड्यांतून ओवायचं ती रिंग स्लिंग; पटकन घालता-काढता येते, पण सगळा भार एकाच खांद्यावर, म्हणून खांदे बदलत राहा. आणि बकलवालं कॅरिअर. बाबांच्या हाताला हे लवकर बसतं. मात्र वजनाची खालची मर्यादा वाचून घ्या, कित्येक कॅरिअर साडेतीन किलोंच्या खाली चालत नाहीत, आणि आपल्याकडे अडीच-पावणेतीन किलोंची बाळं पुष्कळ. तोंड बाहेर करून बसवणं मान पक्की धरल्यावरच, तेही थोडा वेळ आणि जागेपणी. बकलच्या कॅरिअरमध्ये पाठुंगळीला घेणं, आधाराशिवाय बसायला लागल्यावर.

यातलं काहीच नवं नाही. मऊ कापडी कॅरिअर अमेरिकेत रुजवणाऱ्या ॲन मूर यांनी १९६० च्या दशकात टोगोमध्ये पाठीवर बाळ बांधलेल्या आया पाहिल्या होत्या. जर्मनीत एरिका हॉफमन यांनी आपली जुळी मेक्सिकोच्या रेबोझोत, म्हणजे तिथल्या लांब शालीत, बांधली, त्यातून १९७२ मध्ये रॅपचा धंदा उभा राहिला. मग घरातलं लुगडं का नको, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. जरूर घ्या! नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, निम्म्या लांबीत बेताच्या अंगाच्या बाईचा रॅप होतो. पण सुतीच हवं, सिंथेटिकची गाठ निसटते. उजेडात धरून बघा. दुमडींवर झिरझिरीत झालेलं लुगडं दुपट्यांसाठी ठेवा. आणि रिंग स्लिंग घरी शिवायची असेल, तर हार्डवेअरच्या दुकानातल्या कड्या नकोत. त्यांना सांधा असतो आणि तो उघडू शकतो. स्लिंगसाठीच बनवलेल्या, बिनसांध्याच्या कड्या मिळतात.

सिझर झालं असेल तर बकलचा कमरपट्टा टाक्यांवर येतो. तो वर, बरगड्यांखाली बांधा, किंवा पहिले काही आठवडे रॅपच वापरा. ओटीपोट जड वाटायला लागलं, खाली ओढल्यासारखं झालं, तर बाळ उतरवा आणि डॉक्टरांना सांगा. उन्हाळ्यात कापडाचा प्रत्येक थर म्हणजे बाळाला आणखी एक अंगडं. विदर्भातल्या मैत्रिणींनी आत फक्त झबलं ठेवावं आणि मानेमागे हात लावून घाम बघत राहावं. गॅसपाशी, गरम चहाच्या कपाजवळ बाळ अंगावर नको.

आणि स्कूटर. बाळाला पोटाशी बांधून दुचाकीवर जाणारी जोडपी मला रोज दिसतात आणि पोटात गोळा येतो. कॅरिअर हे अपघातात वाचवणारं साधन नाही. चार वर्षांच्या आतल्या मुलाला दुचाकीवर वेगळा सुरक्षा-पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्याला हेल्मेटही हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम २०२२ मध्ये आला. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला रिक्षानं न्या, बसनं न्या.

शेवटी आज्यांची शंका, अंगाची सवय लागेल, मग खाली राहणार नाही. मॉन्ट्रिअलमध्ये १९८६ साली एक अभ्यास झाला. काही आयांना बाळ रोज जास्तीचे तीनेक तास अंगावर घ्यायला सांगितलं. सहा आठवड्यांची असताना ती बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. प्रत्येक अभ्यासात असाच आकडा आला असं नाही. पण आजी, तुम्हीच आठवा, संध्याकाळी किरकिरणारं बाळ पदराखाली घेऊन अंगणात फेऱ्या मारल्यावर काय व्हायचं?

चला, दोघी-दोघींच्या जोड्या करा. पहिल्यांदा बांधताना पलंगाच्या कडेला बसूनच बांधायचं, उभं राहून नाही. एक हात शेवटपर्यंत बाळाच्या पाठीवर.