टाळ्या कोणाला मिळतात? अमेरिकेच्या रिंगमधले युरोपीय मुष्टियोद्धे

मित्रहो, युरोपीय मुष्टियोद्ध्याला अमेरिकेत लोकप्रियता मिळत नाही, असे सर्रास म्हटले जाते आणि त्याची कारणे सांगताना परकी भाषा, अवघड नावे, वेगळी संस्कृती यांचा पाढा वाचला जातो. मला ही कारणे फारशी पटत नाहीत. अमेरिकी प्रेक्षकाला परका माणूस तितकासा खुपत नाही, जितका जोखीम टाळून जिंकणारा माणूस खुपतो, असे मला वाटते.

१९२१ सालच्या २ जुलैची लढत पाहा. जर्सी सिटीमध्ये फ्रान्सचा जॉर्ज कार्पांतिये हा अमेरिकेच्या जॅक डेम्प्सीसमोर उभा राहिला, तेव्हा तिकीटविक्रीने दहा लाख डॉलरचा टप्पा मुष्टियुद्धाच्या इतिहासात प्रथमच ओलांडला. प्रमोटर टेक्स रिकार्डने मांडणी मोठ्या चतुराईने केली होती: एका बाजूला महायुद्धात पदक मिळवलेला देखणा सैनिक, दुसऱ्या बाजूला लष्करभरती चुकवल्याचा आरोप झालेला, खटल्यात निर्दोष सुटूनही लोकांच्या मनातून उतरलेला जगज्जेता. अमेरिकी गर्दीतल्या असंख्य लोकांनी परदेशी माणसाची बाजू घेतली. वजनाने बराच हलका असलेला कार्पांतिये चौथ्या फेरीत गारद झाला, पण त्याच्या नावाची जादू ओसरली नाही.

माझ्या मुद्द्याचा खरा कस मात्र युक्रेनच्या क्लिच्को बंधूंच्या उदाहरणात लागतो, कारण देश तोच, घर तेच, आणि प्रेक्षकांचा निवाडा निरनिराळा. थोरला विताली एप्रिल २००० मध्ये बर्लिनला ख्रिस बर्डविरुद्ध गुणांवर पुढे असताना खांद्याच्या दुखापतीमुळे मधूनच थांबला. दुखापत खरी आणि गंभीर होती. तरीही अमेरिकेत ‘याच्यात दम नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसला. पुढे २१ जून २००३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये, जेमतेम दोन आठवड्यांच्या तयारीवर, तो तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता लेनॉक्स लुईससमोर उतरला. डाव्या डोळ्याभोवतीची जखम इतकी खोल होती की सहाव्या फेरीनंतर डॉक्टरांनी लढत थांबवली. त्या वेळी तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर विताली ५८-५६ असा पुढे होता आणि रक्ताने माखलेला चेहरा घेऊन ‘मला लढू द्या’ म्हणत होता. निकालात तो हरला, पण प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा जयघोष केला आणि विजेत्या लुईसची हुर्यो उडवली. तीन वर्षांपूर्वीचा शिक्का एका रात्रीत पुसला गेला. त्याचे उच्चार मात्र होते तसेच होते.

धाकट्या व्लादिमीरने २३ फेब्रुवारी २००८ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुलतान इब्रागिमोव्हला बारा फेऱ्यांत हरवून दोन जागतिक किताब एकत्र आणले. डावा हात लांबवून अंतर राखणे आणि प्रतिस्पर्धी जवळ येताच त्याला मिठीत जखडणे, हे त्याचे तंत्र निर्दोष होते. प्रेक्षकांनी त्या निर्दोष लढतीची हुर्यो उडवली. जाणकार म्हणून मला त्यांच्यावर थोडा राग येतो. पण तिकीट काढून आलेल्या माणसाच्या जागी बसलो, तर त्याचा कंटाळाही समजतो.

व्लादिमीर त्यानंतर अमेरिकेत लढायला परतला तो थेट एप्रिल २०१५ मध्ये. त्याला परतण्याची गरजच नव्हती. ज्या जर्मनीत त्याने आपला तळ ठोकला होता, तिथे त्याच्या लढती टेलिव्हिजनवर अफाट पाहिल्या जात, आणि २००९ मध्ये गेल्सेनकिर्शेनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये त्याला पाहायला साठ हजारांवर लोक जमले होते. घरचे अंगण एवढे भरलेले असताना परक्या दारात उभे राहायचे कशाला? अमेरिकी प्रेक्षकाने त्याला नाकारले, हे अर्धेच सत्य आहे. त्यानेही अमेरिकेची मनधरणी केली नाही.

स्वीडनच्या इंगेमार योहान्सनचे याच्या नेमके उलटे झाले. १९५९ मध्ये न्यू यॉर्कला त्याने फ्लॉइड पॅटरसनला एकाच फेरीत सात वेळा जमिनीवर पाडले, आणि पुढच्या दोन्ही परतीच्या लढती, ज्यांत तो हरला, त्याही अमेरिकेतच झाल्या. त्यामुळे तो सतत लोकांसमोर राहिला. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या नसीम हमीदने १९९७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पदार्पण केले तेव्हा तो स्वतः तीनदा पडला, केव्हिन केलीला तीनदा पाडले आणि चौथ्या फेरीत जिंकला. बचावाच्या दृष्टीने ती लढत विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगी नाही, पण अमेरिकेला हमीद आवडला तो त्याच रात्री.

युक्रेनच्याच ओलेक्सांद्र उसिकचे कौशल्य या साऱ्यांहून कदाचित सरस असेल. हेवीवेट गटातली त्याची पहिली लढत २०१९ मध्ये शिकागोला झाली; त्यानंतर मे २०२४ मध्ये निर्विवाद जगज्जेता होईपर्यंत तो लंडन, जेद्दा, व्रोत्सवाफ आणि रियाध येथे लढला. अमेरिकेत तो घराघरांत का पोहोचला नाही, असे मला विचारले जाते, तेव्हा मी आधी ही गावांची यादी वाचून दाखवतो.