पायगुण

नमस्कार श्रोतेहो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, सेंट अँड्रूज नावाचे एक लहानसे गाव आहे. जगाला ते गोल्फमुळे ठाऊक असले, तरी गावाचे वर्ष चालते ते १४१३ साली स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठाच्या वेळापत्रकावर. त्या विद्यापीठात शिकत असताना मी तिथे दोन हिवाळे काढले. त्या गावातल्या सणासुदीच्या दिवसांविषयी आज आपल्याशी बोलणार आहे.

सणांची सुरुवात होते ती ३० नोव्हेंबरला. हा संत अँड्रूचा दिवस. संपूर्ण स्कॉटलंडचा हा रक्षक संत आणि गावालाही त्याचेच नाव, त्यामुळे निळ्या जमिनीवर पांढरी फुली असलेले झेंडे ठिकठिकाणी दिसू लागतात. एव्हाना दिवस इतका आखूड झालेला असतो, की सकाळी सव्वाआठच्या सुमारास उगवलेला सूर्य दुपारी साडेतीनलाच मावळायला टेकतो आणि जेवण आटोपून ग्रंथालयात जाऊन बसावे, तोच खिडकीबाहेर दिवेलागण होते. डिसेंबरच्या मध्यावर परीक्षा संपल्या, की दोन दिवस गावात एकच आवाज भरून राहतो: दगडी फरसबंदीवरून ओढत नेल्या जाणाऱ्या बॅगांच्या चाकांचा खडखडाट. गावाचे स्वतःचे रेल्वे स्टेशन १९६९ सालीच बंद झाले, म्हणून सगळी मुले बस पकडून ल्यूकर्स स्टेशन गाठतात. मागे उरतात ते मूळचे गावकरी आणि विमानाचे भाडे न परवडणारे आमच्यासारखे परदेशी विद्यार्थी.

नाताळ हाच तिथला मोठा सण असणार, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात २५ डिसेंबरला रेल्वे बंद, दुकाने बंद, आणि जो तो आपापल्या घरात. ह्या शांततेमागे एक जुना इतिहास आहे आणि त्याची खूण गावातच उभी आहे. नॉर्थ स्ट्रीट आणि साउथ स्ट्रीट पूर्वेला जिथे एकत्र येतात, तिथे १३१८ साली रॉबर्ट द ब्रूस राजाच्या उपस्थितीत अर्पण केलेल्या कॅथीड्रलचे भग्न अवशेष आहेत. १५५९ साली जॉन नॉक्स ह्या धर्मसुधारकाच्या प्रवचनांनंतर त्याची नासधूस झाली, पुढे ते ओसाड पडले आणि त्याचे दगड लोकांनी बांधकामाला नेले. ह्याच सुधारकांच्या परंपरेला नाताळचा थाटमाट म्हणजे रोमन कॅथलिक कर्मकांड वाटे. १६४० साली तर स्कॉटिश संसदेने नाताळची सुट्टी कायद्यानेच रद्द केली. २५ डिसेंबर तिथे पुन्हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो थेट १९५८ साली! इतकी वर्षे दाबलेली हौस कुठेतरी फिटायचीच, ती वर्षअखेरच्या रात्रीवर फिटली. तिला तिथे हॉगमने म्हणतात, आणि तिच्या शिणातून सावरायला १ जानेवारी पुरत नाही म्हणून की काय, स्कॉटलंडला २ जानेवारीचीही सुट्टी असते.

हॉगमनेच्या आधी घर झाडून-पुसून लख्ख करायचे, चुलीतली राख काढायची, उधारी फेडून टाकायची, हे ऐकल्यावर मला आपली दिवाळी आठवली. पण खरा नवलाचा भाग पुढेच होता. मध्यरात्र उलटल्यावर उंबरठा ओलांडून जो पहिला पाहुणा घरात येतो, त्याच्यावर घराचे वर्ष कसे जाणार ते ठरते. आपण ज्याला पायगुण म्हणतो तोच हा. आपल्याकडे अपशकुनी माणसाला पांढऱ्या पायाचा म्हणतात. तिथे सोनेरी केसांचा पाहुणा अशुभ, कारण तसे लोक पूर्वी किनाऱ्यावर लुटालूट करायला येत, असे सांगतात. शुभ तो उंच आणि काळ्या केसांचा पुरुष. लग्नाच्या बाजारात ज्याचा सावळा रंग कधी कुणी कौतुकाने सांगितला नाही, अशा माझ्यासारख्याला ही बातमी सुखावणारी होती. उंचीचे मात्र काही करता येण्यासारखे नव्हते.

शेजारच्या आजीबाईंनी ती त्रुटी मोठ्या मनाने माफ केली. बाराला पाच मिनिटे कमी असताना त्यांनी मला मागच्या दाराने थंडीत बाहेर काढले आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोळशाचा खडा, शॉर्टब्रेड नावाच्या लोणीदार बिस्किटांचा पुडा आणि व्हिस्कीची लहान बाटली दिली. घंटा वाजू लागल्यावर मी पुढचे दार ठोठावले. सवयीने उजवे पाऊल आधी आत टाकले, तेव्हा हे कुणी शिकवले, असे त्यांनी विचारले. आईने, असे मी सांगितले.

शॉर्टब्रेड आणि व्हिस्की लगेच टेबलावर मांडली गेली. कोळशाची जागा खरे तर शेकोटीत, पण त्या घराला आता विजेचे हीटर होते. आजीबाईंनी खडा बशीत ठेवून खिडकीत नेला. तिथे गेल्या वर्षीचा खडा होताच. तो उचलून त्यांनी माझा त्याच्या जागी ठेवला.