परड्यातला रानतेरडा

(चित्र: कणकुंबीच्या पुढची ओली दरड, तिच्यावर गुलाबी फुलं)

बेळगावहून गोव्याला जाणारा हा रस्ता. जांबोटी मागे पडली की रान दाट होत जातं आणि कणकुंबी येते. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते, ते हे गाव. पुढे चोर्ला, मग घाट, मग गोवा. गणपतीच्या दिवसांत या रस्त्याच्या कडेने, ओल्या दरडींवर, हा तेरडा फुललेला असतो.

दारात, विहिरीकाठी उगवणारा साधा तेरडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. हा त्याचाच भाऊबंद. पण फूल बघा, केवढं मोठं आणि पसरट आहे! शास्त्रीय नाव इम्पेशन्स पुल्चेरिमा. १८५० साली डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिलं. सह्याद्रीत तेरड्याच्या शंभरावर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठे नाहीत. हीसुद्धा त्यांतलीच.

(चित्र: फूल, अगदी जवळून)

फुलाच्या मागे ही बारीक, वळलेली नळी आहे. मध तिच्या टोकाशी. ज्याची सोंड लांब, त्यालाच तो मिळतो. आता फुलाच्या तोंडाशी बघा. ही पांढरट टोपी म्हणजे एकमेकांना चिकटलेले पाच परागकोश. आधी यांचे पराग पाहुण्याच्या अंगाला लागतात. मग टोपी गळून पडते आणि तिच्याखाली झाकलेली कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, उघडी होते. म्हणजे एकच फूल आधी नर, मग मादी.

पाकळ्या गळल्या की बोंड धरतं. हा तेरडा आपल्या परड्यात लावणाऱ्या एका काकूंनी पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावलंय.

(चित्र: बोंड फुटताना, संथ गतीत. इथे निवेदन थांबेल.)

सालीच्या पाच फाका धनुष्याची दोरी सुटावी तशा सुटल्या, आतल्या आत वळल्या आणि बिया उडाल्या. या झाडाची पुढच्या वर्षाची सगळी शिल्लक ती हीच. पावसाळा संपला की झाड वाळून जातं. मातीत कंद राहत नाही, खोड राहत नाही. बी पडलं तर पुढच्या मिरगाला रोप, नाही पडलं तर त्या जागी तेरडा नाही.

आणि बोंडं पिकायच्या आतच रस्त्याची कड जेसीबीने साफ होते, बांधावर तणनाशक मारलं जातं.

(चित्र: कणकुंबीच्या बाजूचं एक घर, मागचं परडं)

या काकू या तेरड्याचं बी परड्यात लावतात. सुरुवात झाली ती गौरीमुळे. गौरीला तेरड्याचे डहाळे लागतात, बायका पहाटे जाऊन रोपं मुळासकट उपटून आणतात. तेव्हा फूल असतं, बोंड कोवळं असतं. गौर घरच्याच तेरड्याची बसवायची, असं काकूंनी ठरवलं. आम्हाला विचाराल तर या मुलखात रानफुलासाठी कुणी केलेलं याहून शहाणं काम आम्ही पाहिलेलं नाही.

बी धरायची त्यांची रीत नीट बघून ठेवा. बोंड फुगलं, हिरवा रंग फिका पडला की जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा त्यावर सैल बांधायचा. बोंड आपल्या वेळेला फुटतं आणि बी कापडात राहतं. एका झाडाची एक-दोनच बोंडं घ्यायची, बाकीची त्या जागेसाठी सोडायची. घ्यायची तीही आपल्या मालकीच्या बांधावरून किंवा शेजाऱ्याला विचारून. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून पानसुद्धा उचलायचं नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू आहे, आणि तो असायलाच हवा.

बी सावलीत सुकवायचं, चुलीतली गार, चाळलेली राख लावून कागदाच्या पुडीत बांधायचं आणि फडताळात ठेवायचं. मधल्या महिन्यांत दाखवण्यासारखं काही घडत नाही.

(चित्र: जून. पत्र्यावर पाऊस. करवंट्यांची रांग.)

मिरग. नारळाच्या करवंट्यांना खाली भोक पाडलंय. आत तांबडी माती आणि फणसाखालचा कुजलेला पाला, निम्मं निम्मं. बी वर ठेवायचं आणि दिसेनासं होईल एवढाच पाला भुरभुरायचा. खोल पुरलं तर वर येत नाही. या भागातला पाऊस सगळ्यांना माहीत आहे. पागोळ्यांखाली करवंट्या ठेवल्या तर कोवळी रोपं मातीसकट वाहून जातात, म्हणून त्या ओटीच्या आतल्या बाजूला.

ही दोन जाडसर गोल पानं आधी आलेली. खरं पान, कातरलेल्या कडांचं, त्यांच्या मधून आता निघतंय. अशी चार पानं झाली की रोप परड्यात जातं. जागा काकूंनी नेमकी निवडली आहे. फणसाच्या पूर्वेला सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारची सावली. तेरड्याचं खोड पाणीदार, दुपारच्या उन्हात लगेच मान टाकतं. न्हाणीचं पाणी इकडे वळवलेलं नाही, कारण मुळाशी पाणी साचलं की खोड खालून कुजतं. युरिया तर नाहीच. रोप फोफावतं आणि पहिल्याच वाऱ्यात आडवं होतं.

गोगलगाईंचा त्रास मात्र आहे. रात्री बॅटरी घेऊन काकू त्या वेचतात.

(चित्र: भाद्रपद. परड्यातली फुललेली रांग. गौरीची तयारी.)

डहाळे आता परड्यातून निघतात, कोयतीने वरून छाटून. बुडखा तसाच ठेवतात. त्याला बगलेतून फांद्या फुटल्या की पुन्हा फुलं आणि बोंडं येतात. कडेची काही झाडं गौरीलाही हात न लावता बियांसाठी राखलेली आहेत.

(चित्र: पुड्या बांधताना, शाळेतली मुलं)

यंदाच्या पुड्या गावातल्या शाळेत जाणार आहेत आणि याच बाजूच्या गावांतल्या घरांत. पुण्या-मुंबईहून मागणी आली तरी काकू बी पाठवत नाहीत. इथल्या रानाचं बी इथल्याच परड्यांत राहावं, असं त्यांचं म्हणणं आहे आणि आम्हाला ते पटतं. प्रत्येक पुडीवर बी कुठल्या बांधावरचं आणि कुठल्या महिन्यात धरलं, ते मुलं पेनाने लिहीत आहेत. खाली एक ओळ सगळ्या पुड्यांवर सारखीच आहे: निम्मी बोंडं झाडावरच फुटू द्या.