आधी हिरडी, मग कॅप

चतुर्थी पंधरा दिवसांवर आली की गोव्यातल्या दातांच्या दवाखान्यांत एक ठरलेली मागणी सुरू होते. पुढच्या दाताची जुनी कॅप काढून नवी बसवा, आणि पाहुणे यायच्या आत बसवा. आरशात कॅप दिसते, तिच्या काठाची लाल, फुगलेली हिरडी दिसत नाही. ब्रश लावला की रक्त येतं, हे तर विचारल्याशिवाय कुणी सांगतही नाही. आज बोलायचं आहे ते या हिरडीबद्दल, आणि त्याहून जास्त क्रमाबद्दल. कोणतं काम आधी, कोणतं नंतर.

सुजलेल्या हिरडीजवळ कॅपचं माप घेतलं तर दोन गोष्टी बिघडतात. माप घेताना रक्त आणि पाझर मध्ये येतो, दाताची कड नीट उमटत नाही, आणि तयार कॅपच्या काठाशी बारीक फट राहते. दुसरं म्हणजे सूज कायम राहत नाही. ती उतरली की हिरडी वर सरकते आणि जी कड तिच्याखाली लपवली होती ती उघडी पडते. धातूवरची कॅप असेल तर तिथे काळी रेघ दिसू लागते. ती लपवण्यासाठी पुढच्या खेपेला कड आणखी खोल नेली तर तिसराच त्रास सुरू होतो. हाडाच्या काठापासून सुमारे २ मिलिमीटर पट्टी हिरडीला दाताशी चिकटून राहण्यासाठी लागते. कॅपची कड त्या पट्टीत घुसली की हिरडी कायमची लाल राहते, मग माणूस कितीही ब्रश करो. सूज उतरून हिरडी एका जागी स्थिर होईपर्यंत काही आठवडे जुन्या किंवा तात्पुरत्या कॅपवर काढणं शहाणपणाचं.

आता सूज येते कशी ते पाहू. दातावर जंतूंचा मऊ, चिकट थर रोज बसतो. त्याला प्लाक म्हणतात. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात सूज उतरली. म्हणजे या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो. उष्णता, आंबा, सुंगटं, कशालाच दोष देण्याचं कारण नाही.

हाच थर जागेवर राहिला की लाळेतला कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून त्याचं किटण होतं. लाळेच्या नळ्या उघडतात तिथे ते सर्वांत जास्त, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. किटण ब्रशने निघत नाही. त्याच्या खडबडीत पाठीवर नवा प्लाक बसतो, हळूहळू हिरडीखाली उतरतो, आणि काही जणांमध्ये दाताला धरणारं हाड झिजू लागतं. यालाच लोक पायोरिया म्हणतात. झिजलेलं हाड सहसा मूळ पातळीवर येत नाही. उपचाराने आजार थांबतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुष्कळ रुग्ण हाड ‘भरून’ घ्यायच्या अपेक्षेने येतात.

हे सगळं दुखत नाही, हीच अडचण. म्हणून मोजावं लागतं. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई, प्रोब, दात आणि हिरडीच्या फटीत प्रत्येक दाताभोवती ६ जागी घालतात. जोर साधारण २५ ग्रॅमचा, नखाखाली दाबली तरी न दुखण्याइतका. २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ आणि वर, त्यातून रक्त येत असेल तर ते पॉकेट. ६ च्या पुढे मामला गंभीर. हे मोजमाप न करता फक्त एक्स-रे पाहून ‘हाड चांगलं आहे’ म्हणणं धोक्याचं, कारण एक्स-रेवर दिसण्याआधी बरंच हाड विरलेलं असतं. पूर्ण तोंडाची कामं ठरवताना तुमच्या डॉक्टरांनी हे आकडे लिहिले नसतील तर जरूर विचारा.

तंबाखूवाल्यांची गोष्ट वेगळी. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, रंग फिका दिसतो, आणि आत हाड मात्र जास्त वेगाने जातं. मिश्रीबद्दल तर स्पष्टच बोलू. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या घरांतही काही वयस्क बायका ती अजून दात घासायला वापरतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती लावली की बधिरपणा येतो, तरतरी येते, दात मात्र साफ होत नाही. जिथे ती रोज घासली जाते तिथे हिरडी उतरते आणि पांढरे चट्टे उठू शकतात. चट्टा दिसला की हिरडीचं बाजूला ठेवून आधी तो तपासून घ्यावा.

उपचाराचा पहिला टप्पा म्हणजे हिरडीच्या वरचं किटण काढणं आणि घासायची पद्धत बदलणं. मऊ ब्रश हिरडीकडे ४५ अंशांत तिरपा धरून, छोट्या हालचाली, २ मिनिटं. दातांमधल्या जागेत ब्रश पोचत नाही. फट मोठी असेल तर बाटली साफ करायच्या कुंच्यासारखा छोटा इंटरडेंटल ब्रश, घट्ट असेल तर फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोरा. ब्रशचा आकार डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सैल ब्रश काम करत नाही. मे महिन्यात दाढांत धागे अडकतात ते बहुधा रायवळ आंब्याचे, मानकुरादाला धागा कमी. पण एकाच फटीत रोज अडकत असेल तर दोष आंब्याचा नाही, त्या फटीचा. टाचणी घालू नये.

दुसऱ्या टप्प्यात भूल देऊन हिरडीखालची मुळं साफ करतात. नंतर ८ ते १२ आठवडे थांबून पुन्हा मोजायचं, त्याआधी मोजण्यात अर्थ नाही, भरून यायला तेवढा वेळ लागतो. ७ मिलिमीटरचं पॉकेट सरासरी २ मिलिमीटरने कमी होतं. तरी ६ उरलं आणि रक्त येत राहिलं तर हिरडी उघडून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया. पुढे दर ३ महिन्यांनी देखभाल. फार्मसीतून गोळ्या आणून हा आजार जात नाही, कारण थराच्या आत जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं ०.२ टक्के पाणी १० मिलिलीटर, दिवसातून दोनदा, १ मिनिट तोंडात खळखळून थुंकायचं, तेही दोनेक आठवडेच. जास्त दिवस वापरलं की दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. पेस्टनंतर अर्धा तास थांबूनच घ्यावं.

‘दात साफ केले आणि हलायला लागले’ ही तक्रार खरी, तिचा अर्थ चुकीचा. हाड आधीच गेलेलं असतं, किटणाचा दगड दातांना एकमेकांत जखडून ठेवत असतो. तो निघाला की हलणं कळतं. थंड पाणी लागणंही काही आठवडे चालतं, कारण मुळाचा भाग उघडा पडलेला असतो.

आता दुसऱ्या कामांचा क्रम. दाढांमधल्या भरावाची कड बाहेर आली असेल तर फ्लॉस तिथे पिंजतो. तो भराव घासून किंवा बदलून घेतल्याशिवाय हिरडी बरी होणार नाही. तारा लावायच्या असतील तर चालू आजारावर ताण दिला की हाड आणखी वेगाने जातं, म्हणून आधी आजार शांत हवा. इम्प्लांटलाही, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दातालाही, तेच: ज्याचे दात याच आजाराने गेले त्याच्या इम्प्लांटभोवती तीच झीज होण्याचा धोका जास्त, आणि दातासारखा धागेदार आधार त्याला नसतो. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. एकाच दाताभोवती अचानक खोल, अरुंद पॉकेट आढळलं तर आधी दाताची नस तपासावी. नस मेलेली असेल तर पॉकेटमधला पू दाताच्या मुळातून आलेला असू शकतो, आणि रूट कॅनाल केल्यावर पॉकेट बऱ्याचदा आपोआप भरतं. तिथे हिरडी नंतर.

शरीराशी संबंधाबाबत थोडं मोजून बोलू. सर्वांत पक्का दुवा मधुमेहाचा, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. १९९३ मध्ये याच लो यांनी हिरडीच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. हिरडीच्या उपचारानंतर ३-४ महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रक्ताचा आकडा, सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरतो. साखरेचं औषध मात्र यावरून स्वतः कमी करू नये. हृदयविकाराशी संबंध दिसतो, पण हिरडी बरी केल्याने झटका टळतो असं सिद्ध झालेलं नाही. गरोदरपणात हिरडी फुगते, साफ करणं सुरक्षित असतं, चौथ्या ते सहाव्या महिन्यात सोयीचं. त्याने वेळेआधी होणारी प्रसूती टळते असं मात्र आढळलेलं नाही. ते काम आईच्या हिरडीसाठी करायचं.

तपासणीला जाताना औषधांची चिठ्ठी घेऊन जा. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने किंवा फिट्सच्या फेनिटॉइनने हिरडी जाड वाढू शकते. रक्त पातळ करणारी गोळी किटण काढण्यासाठी स्वतःहून बंद करू नये. ती वॉर्फेरिन असेल तर ताजा आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, दाखवा. हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा पूर्वी झडपेचा संसर्ग झाला असेल तर साफ करण्याच्या तासभर आधी प्रौढांना अ‍ॅमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम एकदाच दिलं जातं. त्याची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधीच सांगा. झडपेचं ऑपरेशन ठरलं असेल, किंवा हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन सुरू होणार असेल, तर काढायचा दात आणि हिरडीचं काम त्याआधीच उरकून घ्यावं. बांबोळीला एकाच परिसरात गोवा मेडिकल कॉलेज आणि दंत महाविद्यालय दोन्ही आहेत, त्यामुळे एका बाजूची चिठ्ठी घेऊन दुसरीकडे चालत जाता येतं.