सहाव्या लेनमधल्या मावशी

नमस्कार. विषय छापलाय 'मास्टर्स जलतरण: पात्र कोण?' मास्टर्स म्हणजे मोठ्या माणसांच्या, वयोगटांनुसार होणाऱ्या पोहण्याच्या स्पर्धा. त्यावर येतेच. पण शिवाजी पार्कच्या तलावावरची सकाळची बॅच जवळजवळ अख्खी समोर बसलेली दिसतेय, तेव्हा आधी आमच्या मावशींबद्दल बोलू द्या. त्यांना विचारूनच सांगतेय.

मावशी ५८व्या वर्षी पोहायला शिकल्या. गुडघे दुखायचे म्हणून डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. पहिले तीन महिने काठाची दांडी सोडली नाही, नुसते पाय मारायच्या. ७१व्या वर्षी मी मागे लागून त्यांच्याकडून ५० मीटर फ्रीस्टाइलचा फॉर्म भरून घेतला. डॉक्टरांचा दाखला, आधारची झेरॉक्स, सगळं जोडलं.

स्पर्धेच्या दिवशी पंच म्हणाले, "ब्लॉकवर चढा." म्हणजे उडी मारायच्या उंच ओट्यावर. मावशी म्हणाल्या, "मी पाण्यातूनच सुरुवात करते." "चालणार नाही, नियम आहे." अहो, नियम नेमका उलटा आहे! मास्टर्समध्ये ब्लॉकवरून, काठावरून किंवा पाण्यात भिंतीला रेटा देऊन, कशीही सुरुवात करता येते. बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किकसुद्धा चालते. ज्यांनी नियम केले त्यांना साठी-सत्तरीचं शरीर ठाऊक होतं. आपल्याकडे शिट्टी हातात घेणाऱ्यांनी तेवढी दोन पानं वाचायला नकोत?

मी टेबलापाशी पोचेपर्यंत मावशी एका मुलीचा हात धरून वर चढल्या होत्या. सहावी लेन. पोटऱ्या थरथरत होत्या, मला पलीकडून दिसत होतं. भोंगा झाला आणि त्या पडल्यासारख्याच पाण्यात गेल्या. गॉगल गळ्यात उतरला. तशाच, डोळे मिटून, ५० मीटर पुरे केले.

मग निकाल. ७० ते ७४ गटात त्या एकट्याच, म्हणून आयोजकांनी '५० वर्षांवरील महिला' असा एकच गट करून टाकलेला. पहिली आली ती ५१ वर्षांची, सुरेख पोहते, तिचा काहीच दोष नाही. मावशींच्या हातात सहभागाचं प्रमाणपत्र. मला एवढंच म्हणाल्या, "पाणी गार होतं गं." त्यानंतर चार वर्षं त्यांनी स्पर्धेचं नाव काढलेलं नाही.

एकटीला पोहायला लागू नये म्हणून वेगवेगळे वयोगट, अगदी स्त्री-पुरुषसुद्धा, एका हीटमध्ये, म्हणजे एकाच शर्यतीत, सोडता येतात. ती सोय उत्तम आहे. पण निकाल पाच-पाच वर्षांच्या गटाने वेगळाच लावायचा असतो. गटात एकटी असली तरी गट तिचा!

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीये, तेव्हा आता भराभर.

माजी राष्ट्रीय खेळाडूंना मज्जाव करा, अशी मागणी दर वर्षी होते. माझा विरोध आहे. 'हौशी कोण' हे तपासण्याच्या नादात खेळांनी फार अन्याय केलेत. अमेरिकन अ‍ॅथलीट जिम थॉर्पची १९१२ची ऑलिंपिक पदकं किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळल्यामुळे काढून घेतली. १९८३मध्ये ती परत मिळाली तेव्हा तो हयात नव्हता, आणि एकमेव विजेता म्हणून नाव लागायला २०२२ उजाडलं. अमेरिकन जलतरणपटू दारा टोरेसने २००८मध्ये ४१व्या वर्षी ऑलिंपिकचं रौप्य मिळवलं, सुवर्ण एक शतांश सेकंदाने हुकलं. अशी बाई शेजारच्या लेनमध्ये आली तर मला आनंदच होईल.

वयाबद्दल वाद नको. स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला जे वय, तो गट. डिसेंबरात पन्नाशी गाठणारा जानेवारीपासूनच पन्नाशीच्या गटात. सगळ्यांना एकच माप.

पुढच्या स्पर्धेचे फॉर्म दाराशी ठेवलेत. वयोगटाच्या रकान्याखाली हाताने लिहा: 'गट एकत्र करू नयेत, सुरुवात पाण्यातून करू द्यावी.' मावशींचा फॉर्म मी भरून आणलाय, सहीच राहिलीय. त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात. कुणीतरी पेन द्या त्यांना.